राखेचे डोंगर, सांबाराचं जंगल

सक्करदऱ्याच्या केशवराव पिंपळापुऱ्यांनी आयुष्यभर शाळेत समुद्र शिकवला, पण पाहिला कधीच नाही. ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सांगत, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी. पाण्याचा अनुभव म्हणाल तर एकदा अंबाझरी तलावातल्या पायडल बोटीत. तेव्हाही मास्तर दोन्ही हातांनी कड धरून बसले होते आणि पायडल अरुंधतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं मारलं होतं.

आणि नशीब बघा, एकुलती एक मुलगी मुग्धा नोकरीला गेली ती नेमकी अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर. सतत पावसात भिजणारं राखीव अरण्य, बेटंच बेटं, समुद्रातून सरळ वर उठलेले डोंगर. रस्ता म्हणून नाहीच. जायचं तर बोटीनं, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या चिमुकल्या विमानानं. दरवर्षी ती 'या' म्हणायची आणि दरवर्षी केशवरावांचा गुडघा दुखायला लागायचा. मग फोनवर ते तिलाच तिथला भूगोल शिकवत: हिमनदीनं दरी कशी कोरली, समुद्र आत कसा शिरला. हळूहळू मुग्धानं 'या' म्हणणं सोडलं, फोनही फक्त आईला करू लागली. गुडघा बरा झाला, पण मास्तरांना अन्न गोड लागेना.

पिंपळापुऱ्यांकडे रीत अशी, की महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरचं जे माणूस येऊ शकलं नाही त्याच्या नावाची सुपारी पाटावर ठेवायची. मुग्धाची सुपारी कित्येक वर्षं जेवत होती. यंदा ती स्वतः येणार म्हटल्यावर मास्तरांनी ठरवलं, देवीपुढे देखावा करायचा तो पोरीच्या जंगलाचाच. 'माझं चुकलं' हे तोंडानं म्हणण्यापेक्षा डोंगर उचलणं त्यांना सोपं वाटलं.

कोराडीहून, वीजकेंद्रात लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून पोतंभर राख आणवली. ती खळीत कालवून डोंगर केले. मोठ्या परातीत समुद्र भरला, तर निम्मा डोंगर भसकन समुद्रात. पुन्हा उभे केले, वरून मेण ओतलं. शेजारच्या कुसुमताई दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, हे राखेचे सांडगे काहून घालून राहिले?" जंगलासाठी अरुंधतीबाईंनी वड्यांकरता निवडून ठेवलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, मास्तरांनी गुपचूप लंपास केला. अरुंधतीबाईंनी आपला सांबार लगेच ओळखला, आणि पिशवी घेऊन पुन्हा बाजारात गेल्या.

मुग्धा आली. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा मास्तर विणायची सुई घेऊन उभे राहिले आणि त्यांनी तास सुरू केला. हे बेट, ही खाडी, हा धबधबा, हा गरुड, हे अस्वल. अस्वल मातीचं होतं आणि उंदरासारखं दिसत होतं. सांबारानं तोवर मान टाकली होती. बायका पाय बदलत उभ्या राहिल्या आणि प्रसाद मिळताच निघाल्या. मुग्धा तेवढी शेवटपर्यंत ऐकत होती.

सगळ्या गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाबा, यात मी कुठं राहते?"

राखीव जंगलात वस्ती नसते, हे वाक्य मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. आपण अस्वलाची सोय केली, गरुडाची केली, आणि पोरीला जागाच ठेवली नाही. तिचं घर टेकडीवर की काठावर, खिडकीतून काय दिसतं, इतक्या वर्षांत एकदा विचारलं असेल तर शपथ. वा रे भूगोलाचे मास्तर! त्यांना स्वतःची भारी लाज वाटली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तू सांग."

मुग्धानं पूजेच्या तबकातली एक सुपारी उचलली आणि एका बेटाच्या काठावर ठेवली. मग ती बोलत सुटली. घराखाली धक्का आहे, अरण्यात जाणाऱ्या बोटी तिथूनच सुटतात, विमान उतरलं की कपाटातल्या बश्या वाजतात, आणि पावसाला कंटाळून ती कधीकधी एकटीच रडते. पावसाचा पुस्तकातला आकडा मास्तरांना पाठ होता. तो त्यांनी सांगितला नाही.

तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी तबकातल्या आणखी दोन सुपाऱ्या घेतल्या आणि तिच्या सुपारीशेजारी ठेवल्या. मग त्यातली एक पाण्यापासून जरा आत सरकवली.

"ही माझी," ते म्हणाले. "मी येईपर्यंत राहू दे तिथं. बोटीत पायडल तुझी आई मारेल."