टाकीखालचे नाना

नाना गेल्याचं मला देवास गेटवर कळलं. भाजीची पिशवी घेऊन टेम्पोची वाट बघत होतो. त्यांच्या शरदने स्कूटर थांबवली आणि म्हणाला, "मधूकाका, बाबा सकाळी गेले. झोपेतच." मी त्याला काय म्हणालो ते आठवत नाही. मनात एवढंच आलं, की आता विचारायचं राहिलंच. पस्तीस वर्षं एक प्रश्न जिभेवर घेऊन मी दर दिवाळीला त्यांच्याकडे जायचो आणि चिवडा खाऊन तसाच परत यायचो.

नाना आमच्या मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, मी वर्कशॉपात वेल्डर. आमची भांडणं हिंदीत सुरू व्हायची आणि मराठीत मिटायची. माणूस स्वभावाने मऊ, पण मापाच्या बाबतीत महाचिवट. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी एक गेज बनवलं होतं. वेल्डिंगच्या कोपऱ्यात ते टेकवायचं आणि दोन्ही बाजू पुरेशा भरल्यात का ते बघायचं. ते गेज खिशातून निघालं, की माझं डोकं फिरायचं.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होत होता, तेव्हाची गोष्ट. कापड उकळायची एक उभी टाकी आम्ही वर्कशॉपातच बांधली होती, वाफेच्या दाबावर चालणारी. तिचा सगळा भार खालच्या गोल पत्र्याच्या बैठकीवर, आम्ही तिला स्कर्ट म्हणायचो. टाकीचं बूड आणि ती बैठक यांना धरून ठेवणार होतं ते फक्त कोपऱ्यातलं वेल्डिंग. नानांनी काठोकाठ पाण्याचं वजन धरून हिशोब केला आणि नकाशावर लिहिलं, तीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "आणि हे बघ, फट राहिली तर जेवढी फट तेवढं वेल्डिंग वाढवायचं," हेही त्यांनी मला दोनदा बजावलं.

तपासणीचे इन्स्पेक्टर आठवड्याभरात बदलून जाणार होते. नवे कोण, ग्वाल्हेरहून येणार का भोपाळहून, कुणालाच पत्ता नव्हता. टाकी पास केल्याची सही मॅनेजरना जुन्यांचीच हवी होती. त्या घाईत बैठक नीट बसली नाही, एका बाजूला हातभर लांबीत दोन सूत फट राहिली. तिथे पाच सूत भरायला हवं होतं. मला कंटाळा आला होता आणि गुर्मीही होती. मी सळईचे नऊ तुकडे कापले, हातोडीने चपटे केले, आठ फटीत ठोकले आणि वरून तीन सूत वेल्डिंग ओढलं. गेज फसेल इतकं देखणं. आत खरं धरणारं जेमतेम सूतभर असेल. नववा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी शोधला, सापडला नाही. मीही सोडून दिलं.

त्याच दुपारी टाकीत पाणी भरायला सुरुवात झाली. इन्स्पेक्टर वरच्या फळीवर, दाबाच्या काट्यापाशी. नाना बैठकीभोवती फिरत फिरत नेमके त्या जागी थांबले.

"मधू, इथे फट होती ना? भरली कशी?"

"वेल्डिंगनेच भरली, नाना. पूरी."

"सळई तर नाही घातली?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... रागाने नव्हे. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "ठीक. मग आत शिरून बुडाचा सांधा गळतो का बघतो." आणि टॉर्च घेऊन ते बैठकीच्या भोकातून रांगत टाकीखाली गेले.

पंपावरचा रामलाल ओरडला, "बाबूजी, आधी से ऊपर भर गई." पत्रा कुठेतरी टक् करून वाजला. धरेल, मी स्वतःला सांगत होतो, बाकी सगळीकडे चोख आहे, धरेल. घड्याळ तळहाताला घामाने चिकटलं होतं. नोकरी जाईल, घरी आई आहे, असलं सगळं मनात येत होतं, आणि आत टॉर्चचा उजेड हळूहळू सरकत होता. मग पत्रा पुन्हा वाजला आणि मी भोकाशी गुडघे टेकले. "नाना, बाहेर या. सळई घातलीय मी."

ते बाहेर आले, गुडघे झटकले आणि रामलालला म्हणाले, "पंप बंद करो. पानी छोड़ दो." पंपाच्या आवाजात इन्स्पेक्टरांना माझं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. नानांनी त्यांना सांगितलं, "फट मी तपासायला हवी होती. चूक माझी." सगळ्यांसमोर बोलणी त्यांनी खाल्ली. छिन्नीने ते वेल्डिंग काढलं तेव्हा सळयांच्या कडेने केसासारखी चीर गेलेली दिसली. मी पाच सूत भरलं. पण सही नव्या राज्यात, कितीतरी महिन्यांनी झाली आणि ड्रॉइंग ऑफिसातली हेडची जागा नानांना न मिळता दुसऱ्याला गेली. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचीच मला शरम वाटायची.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते आत गेले होते का? हे मला विचारायचं होतं. हो म्हणाले असते तर तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून विचारलं नाही.

तेराव्यानंतर शरदने एक डबी आणून दिली. "बाबांनी तुमचं नाव घालून ठेवली होती." आत ते पत्र्याचं गेज होतं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्याखाली कागदात बोटभर सळईचा तुकडा. दोन्ही टोकं करवतीची, अंग हातोडीने चपटं केलेलं, वेल्डिंगचा डागही नाही... नववा.

म्हणजे त्या सकाळी मी शोधायच्या आधीच नानांनी तो उचलला होता, आणि आत शिरताना तो त्यांच्या खिशात होता. माझ्या 'नाही'वर विसंबून नाना टाकीखाली गेलेच नव्हते. मी हाक मारीन, एवढ्यावर गेले होते.