निघताना विचारू नये

इंग्लंडात मेडनहेडच्या ज्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, सुचेता रिसेप्शनवर बसे, तिथे तिच्या तावडीतून कुणी सुटत नसे. जन्मतारीख, पोस्टकोड, काय दुखतंय, कधीपासून, आधी काय घेतलंत. गुळमुळीत बोलणाऱ्या इंग्रज म्हाताऱ्यांच्या पोटातलं ती बघता बघता ओठांवर आणी. पण हीच बाई घराबाहेर पडणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी विचारत नसे. कुठे चाललास?

लहानपणी साताऱ्यात तिने तो एकदा विचारला होता. वडील स्कूटरला किक मारत होते आणि ही पायरीवरून म्हणाली, "बाबा, कुठे?" दुपारी वडिलांचा पाय मोडल्याचा निरोप आला. आत्याने चारचौघांत बोल लावला, कार्टीने निघताना टोकलं. पाय बरा झाला, बोल मात्र गेला नाही. तेव्हापासून कुणी निघालं की सुचेता फक्त "ये" म्हणे. तिचा नवरा रघुवीर सॉफ्टवेअरमधला, असल्या गोष्टींना हसणारा. पण मित्रांच्या बायका नवऱ्यांचे फोन ट्रॅक करतात हे ऐकल्यापासून त्याने हसणं बंद केलं होतं.

लेक तनिषा इथेच जन्मलेली. तिला आईचा हा नेम फारच सोयीचा पडला. दारातून "निघते हं" म्हटलं की काम झालं. पुढे क्रॉयडनला नोकरी लागली, तिथेच ती राहू लागली, आणि तिला डोंगरांचं वेड लागलं. वेल्स झालं, स्कॉटलंड झालं, आणि या मार्चमध्ये एकटीच मदेराला गेली. ज्वालामुखीने अटलांटिकमधून वर काढलेलं हे पोर्तुगालचं बेट. इथे अजून हीटिंग चालू असताना तिथे केळीच्या बागा. ढगांच्या वर गेलेली शिखरं, आणि डोंगराच्या कडेकडेने खोदून नेलेले पाण्याचे पाट. त्या पाटांच्या काठाने लोक मैलोन्‌मैल चालतात.

पहिल्या दिवशी तिने शिखरावरून फोटो पाठवला. "आई, ढग माझ्या खाली आहे," फोनवर ती म्हणाली. इतक्या आनंदात सुचेताने तिला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन आला. "आई, बस आली. निघते हं."

विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. एकटी पोर, परका डोंगर. सुचेताने ते गिळलं आणि म्हणाली, "ये."

संध्याकाळी मेसेज आला नाही. फोन लागेना. काळोख पडला तशी सुचेता स्वयंपाकघरात येरझारा घालू लागली आणि रघुवीरने तनिषा उतरली होती त्या गेस्ट हाऊसला फोन लावला. मालकीण म्हणाली, सकाळी गेली ती आलीच नाही. तिने पोलिसांना कळवलं, आणि थोड्याच वेळात तिथल्या अधिकाऱ्याचा फोन आला. त्याचं इंग्रजी स्वच्छ होतं.

"मॅडम, शेवटचं तुमच्याशी बोलली. कुठल्या वाटेवर गेली?"

इतरांना 'नक्की आठवत नाही' म्हणू न देणाऱ्या सुचेताने फोन दुसऱ्या कानाला लावला. पोटच्या पोरीशी सकाळी बोलले आणि ती कुठे गेली ते मला माहीत नाही, हे कुठल्या आईने कसं सांगावं? तिला तो फोटो दिसत होता. "शिखरावर," ती म्हणाली. "तिला तिथेच पुन्हा जायचं होतं."

असं तनिषा कधीच म्हणाली नव्हती. पण एकदा बोलून गेल्यावर सुचेताला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. रघुवीर मिळेल त्या विमानाने गेला. ती फोनपाशी थांबली, देव्हाऱ्यातले देव काचेच्या भांड्यात पाण्यात घालून. तिकडे शिखरावर ढग उतरला होता. माणसं दोर लावून घळीघळीत हाका मारत होती. इकडे ती गॅससमोर उभी राहून एकच शब्द पुटपुटत होती. ये. तनू, ये.

तनिषा सापडली ती बेटाच्या उत्तरेला, भलतीकडेच. एका पाटाच्या खालच्या उतारावर, पाय घसरून पडलेली. पाटाच्या वाटेने चाललेल्या एका जर्मन जोडप्याला तिची निळी बॅग दिसली. तोवर उशीर झाला होता.

रघुवीर परतल्यावर पुढची माहिती द्यायला इथली एक पोलीस बाई घरी आली. चांगली बाई होती, चहाला नाही म्हणाली नाही. धीर द्यावा म्हणून तिने हलक्या आवाजात सांगितलं, की डॉक्टरांच्या मते पहिली रात्र सरेपर्यंतच तनिषा जिवंत असावी, त्यापुढे तिला काही सोसावं लागलं नाही. रघुवीरने मान खाली घातली. सुचेताने फक्त पहिली रात्र ऐकली. त्या रात्री माणसं निघाली होती. दिवे, दोर, सगळं घेऊन निघाली होती, आणि तिने त्यांना शिखरावर पाठवलं होतं.

हे तिने रघुवीरला सांगितलं. तो म्हणाला, "तुला कुठे माहीत होतं?"

"तेच," ती म्हणाली.

अंत्यविधीला स्टॅनमोरची मराठी मंडळी, तनिषाच्या क्रॉयडनच्या ऑफिसातले, सगळे आले होते. इथल्या रीतीप्रमाणे दहनगृहात शवपेटी समोर ठेवलेली, गुरुजींचे मंत्र झाले, फुलं झाली. दहनगृहाच्या काळ्या सुटातल्या माणसाने रघुवीरकडे पाहिलं आणि भिंतीवरचं बटण दाबून धरलं. पेटीपुढचा पडदा दोन्ही बाजूंनी मिटू लागला.

सुचेता उठून उभी राहिली.

"तनू, कुठे चाललीस?"

ती ओरडली नाही. दारात उभ्या लेकीला विचारावं तसं विचारलं. त्या माणसाला मराठी येत नव्हतं. ही थांबा म्हणतेय असं त्याला वाटलं. त्याने घाईने बटण सोडलं आणि पडदा अर्ध्यावर थांबला. मधल्या फटीतून पेटी दिसत होती. सुचेता उत्तराची वाट पाहत उभी होती.

शेवटी रघुवीरलाच त्या माणसाला सांगावं लागलं, "प्लीज, कॅरी ऑन."