आफ्रिकेची ओळख

कॉलेजच्या संस्थेच्या सचिवांनी तिच्या केसांना हात लावला. भर स्टेजवर. बारीक वेण्यांतली एक चिमटीत धरली, ओढून बघितली आणि माइकवरून म्हणाले, "खरे आहेत बरं का!"

हॉल हसला. पुढच्या रांगेतले प्राध्यापक हसले. मागची पोरं बाकं बडवून हसली.

मग सचिव माझ्याकडं वळले. "मॅडम, विचारा तिला, केस धुते का कधी?"

तिचं इंग्रजी मराठीत आणि यांचं मराठी इंग्रजीत करायला मला तिथं उभं केलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

तिचं नाव अकिनी. केनियाची. परभणीला शेतीचं शिकायला आली होती. तिथल्याच बसस्टँडवर आमची ओळख झाली. टवाळ पोरं तिच्यामागं "हबशी, हबशी" ओरडत होती आणि ती बाकड्यावर बसून पेरू खात होती. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "मनावर घेऊ नकोस." ती म्हणाली, "हा शब्द मला पाठ झालाय. कुणी ना कुणी रोज शिकवतंच."

मी तेव्हा हिंगोलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. तासावर. कायम नाही. हिंगोली जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या पुस्तकात अख्ख्या आफ्रिकेला दोन पानं. त्यातलं निम्मं, गोऱ्यांनी ती कशी शोधून काढली त्याचं. जणू तिथल्या माणसांना आपण कुठं राहतो ते माहीतच नव्हतं. बाकी जंगल, टोळ्या, ढोल. मागास. आळशी. नाचगाण्याचे शौकीन.

हे शब्द मला नवे नव्हते. लहानपणी शाळेत आफ्रिकेचा धडा चालला की आमचे गुरुजी वाचता वाचता थांबायचे आणि शेवटच्या बाकाकडं बघायचे. तिथं आम्ही बौद्धवाड्यातल्या पोरी बसायचो. ते बोलायचे काहीच नाहीत. नुसतं बघायचे. वर्गाला कळायचं. वर्ग हसायचा.

तर तीच दोन पानं शिकवताना तांड्यावरच्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, तिथं शाळा असतेत का?" मला वाटलं, याचं उत्तर तिथल्याच माणसानं द्यावं. मी प्राचार्यांना म्हणाले, आफ्रिकेची ओळख म्हणून एक व्याख्यान ठेवू. परदेशी पाहुणी म्हटल्यावर सचिवांनी लगेच होकार दिला. अकिनीनं जीव लावून तयारी केली. घरून फोटो मागवले. तिच्या गावाजवळचं समुद्रासारखं तळं, नैरोबीचे रस्ते, कॉफीच्या मळ्यातल्या बाया, तिची आई वर्गात शिकवताना. शेवटी मी थोडं बोलणार होते. आपल्याच दख्खनमध्ये एक हबशी वजीर होऊन गेला, त्यानं शहर वसवलं, नहरीनं पाणी आणलं, आणि आज तोच शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. एवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हॉलवर गेले तर वर बॅनर: 'काळ्या खंडाची सफर'. स्टेजवर कडब्याची झोपडी. झोपडीपुढं सहा पोरं, उघडी, कमरेला आंब्याचे डहाळे, हातात काठीचे भाले. पोरांच्या तोंडाकडं बघितलं. चार आमच्या वाड्यातली, दोन तांड्यावरची. एकही पोरगं दुसरीकडचं नव्हतं.

"सर, हे काय?"

"वातावरणनिर्मिती," प्राचार्य म्हणाले. "सचिवसाहेबांनी स्वतः निवडलीत. बघा ना, रंग लावायचीसुद्धा गरज पडली नाही."

असं म्हणून ते हसले. मग माझ्याकडं बघून हसू आवरलं. मी कोण, हे त्यांना आठवलं.

अकिनी परभणीहून निघाली होती. वाटलं, ती बोलायला लागली की झोपडीकडं कुणाचं लक्ष जाणार नाही.

ती बोलायच्या आधीच तिच्या केसांना हात लागला.

हॉल हसत होता आणि मला ते हसू ओळखू येत होतं. शाळेतलं. तेच. मी शिकले, एम.ए. झाले, साडीला पिन लावून स्टेजवर उभी राहिले, तरी ते हसू माझ्या पाठीमागंच होतं. आज फक्त त्याला नवीन माणूस सापडलं होतं.

"मी हे विचारणार नाही," मी म्हणाले. माइकवर.

"अहो, गंमत आहे."

"घरी आलेल्या पाहुण्याला विचारता का असं?"

"मग तुम्हाला उभं कशाला केलंय?"

अकिनीनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतायत ते?"

मी सांगितलं. एकही शब्द न गाळता. केसांचं सांगितलं, बॅनरचं सांगितलं, पोरांना रंग लावायची गरज पडली नाही तेही सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग बोलली, आणि मी तिचं मराठीत केलं:

"ही म्हणते, हिची आई शाळेत शिकवते. तिच्या वर्गात कुणी असा दुसऱ्याच्या केसांना हात लावला असता, तर आईनं त्याला बाहेर उभं केलं असतं."

आता कुणी हसलं नाही. माइक बंद झाला. प्राचार्यांनी केला की कुणी, माहीत नाही. मी त्या सहा पोरांकडं वळले. "शर्ट घाला रे. घरी जा." एकानं प्राचार्यांकडं बघितलं. मग डहाळा सोडून खाली टाकला. बाकीच्यांनीही टाकले.

फोटो तिच्या पिशवीतच राहिले.

स्टँडवर परभणीची गाडी लागली होती. मी माफी मागायला लागले. तिनं मला थांबवलं. म्हणाली, "मला पुन्हा कुठं बोलावू नकोस. गाव तुझं आहे. तू बोल." गाडी निघाली. तिनं खिडकीतून हात केला नाही. तिचं बराबर होतं.

जूनमध्ये माझे तास गेले. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "सचिवसाहेबांना घरी जाऊन भेटा. चुकलं म्हणा. उद्यापासून तास सुरू."

माझी आई तेव्हा मोंढ्याच्या बाजारात हळद निवडायला जायची. रात्री जेवताना तिला हे सांगितलं. तिनं ताटातला हात थांबवला.

"चुकलं का तुझं?"

"न्हाई."

"मंग काहून जातीस?"

गेले नाही. नंतर दुसऱ्या कॉलेजांनीही मला दारातूनच परत पाठवलं. जिल्हा लहान आहे, बातमी सगळीकडं पोचते.

आता मी रविवारी विहारात पोरांना शिकवते. वाड्यातली येतात, तांड्यावरचीही येतात. शाळेची पुस्तकं घेऊन या म्हणते. जिथं कुणाला मागास म्हटलंय, आळशी म्हटलंय, रानटी म्हटलंय, ते पान उघडायला लावते. मग ते आफ्रिकेचं असो की आमचं. पोरांनी मोठ्यानं वाचायचं आणि तिथंच थांबून विचारायचं: हे कुणी लिहिलं? कुणाला विचारून लिहिलं?

गावात म्हणतात, बाई पोरं बिघडवते. म्हणू द्या. माझ्या हाताखालचं एकही पोरगं ते पान मुकाट्यानं उलटणार नाही.