गुलाब घेतलेल्या बायका

आमच्या मावससासूबाई ज्या एस.टी.त चढल्या, तिच्यातून एकही बाई अनोळखी म्हणून उतरली नाही, हे मी रामकुंडात उभा राहून सांगायला तयार आहे. बायकोची ही मावशी मूळची मखमलाबादकडच्या मळ्यातली. भावाचे गुलाबाचे वाफे होते आणि मावशी स्वतः नांदगावला शिवणकाम शिकवायच्या. नवरा तरुणपणीच गेलेला. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं, असं अख्खं आयुष्य एस.टी.त काढलं. नोकरी संपली तरी प्रवास संपला नाही. मालेगावला कुणाचं बारसं, त्र्यंबकला कुणाची शांत, काहीतरी निमित्त काढून त्या एकट्याच निघायच्या. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले गुलाब. गाडीत चढलं की स्वतः बसायच्या आधी गाडीतल्या प्रत्येक बाईच्या हातात एक फूल. फुलाबरोबर चौकशी आलीच. माहेर कुठलं, कुठं निघालात, सोबत कोण आहे? नाशिकहून सुटलेली गाडी आडगाव ओलांडेपर्यंत मागच्या बाकावरच्या बाईला पुढच्या बाईच्या सुनेचं बाळंतपण तोंडपाठ झालेलं असायचं. कंडक्टर मंडळीही इतकी सरावली होती, की मावशींचं वाटप झाल्याशिवाय घंटी मारायची नाहीत.

एकदा कुणा विधवा बाईने फूल दिसताच हात मागे घेतला. मावशींनी तिच्या ओंजळीत गुलाब ठेवला आणि म्हणाल्या, "फूल झाडाचं असतंय बाई, नवऱ्याचं नसतं." मालेगावच्या बुरखा घातलेल्या बायका तर त्यांना स्टँडवर लांबूनच ओळखायच्या. नियम एकच होता, पुरुषाला फूल नाही. मी जावई असूनही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गाडीत बसलो तेव्हा मी कौतुकाने हात पुढे केला होता. त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "तुम्हाला कशाची भीती, जावईबापू?" मी हात हळूच खिडकीच्या गजाला लावला, जणू तो त्यासाठीच पुढे आला होता.

हा सगळा प्रकार म्हणजे एका बोलक्या बाईचा छंद, अशी माझी समजूत होती. मग एकदा मी स्वतःच पाहिलं. एक तर्र झालेला गडी कॉलेजच्या मुलीशेजारी बसून तिच्यावर कलायला लागला. मावशी ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या उठून त्याच्या बाकापाशी उभ्या राहिल्या. मग दुसरी बाई उठली, तिसरी उठली. हातात गुलाब घेतलेल्या बायका एकेक करून त्याच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या आणि त्याला अगदी आपुलकीने विचारायला लागल्या, की भाऊ, गाव कोणतं, आई कुणाची, घरी बहिणी किती? पिंपळगावचं तिकीट काढलेला तो गडी ओझरलाच उतरला.

इतकं पाहूनही माझ्यातला बाप काही सुधारला नाही. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या लेकीला मालेगावच्या एका शाळेत नोकरी लागली. रोजचं जाणं-येणं. पोरगी आनंदाने नाचत होती आणि मी घरात सुतक असल्यासारखा बसलो होतो. शेवटी मी अट घातली. एक आठवडा जाऊन बघ. काही भलतंसलतं घडलं तर राजीनामा, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. पोरीनं ओठ आवळून कबूल केलं. तिला ती नोकरी किती हवी होती हे त्या आवळलेल्या ओठांवरूनच कळत होतं.

मग मी तयारीला लागलो. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत लवंगी मिरचीची पूड भरली आणि नीट उडते का हे पाहायला गॅलरीत गेलो. वारा समोरून होता. पुढचा तास मी नळाखाली डोकं धरून काढला. मावशी तेव्हा घरीच होत्या. त्यांनी मला पंचा दिला आणि म्हणाल्या, "वारा बघून तरी शत्रू निवडावा माणसानं." मग लेकीला जवळ बसवून त्यांनी, मी तरीही तिच्या पर्समध्ये टाकलेली बाटली बाहेर काढली आणि तिथे ओल्या फडक्यातले गुलाब ठेवले.

फुलांच्या भरवशावर पोर सोडायची, हे मला काही झेपेना. पहिले दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली, तोंडाला मफलर गुंडाळला, काळा गॉगल लावला आणि तिच्याच गाडीत गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. दिवस उन्हाळ्याचे होते. मफलर बांधलेला मी एकटाच होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. गाडीतल्या बायकांच्या मात्र आलं.

लेकीनं चढताच फुलं वाटली. मला मनातून हसू आलं. मग ती पुढे खिडकीशी बसली आणि मी तिच्यावर नजर रोखली. ती वळली की मी पेपरामागे, ती पुढे पाहायला लागली की माझी मान पुन्हा वर. चांदवड जवळ आलं तशी माझ्या शेजारच्या बाकावरची म्हातारी अहिराणीत पुढच्या बाईला म्हणाली, "हाऊ बाबा नाशिकपासून त्या पोरले देखी ऱ्हायना." मी मागे वळून पाहिलं, की नाशिकपासून पोरीकडे बघत बसलेला हा हलकट बाबा कोण. मागे काचच होती.

तोवर म्हातारी उठली होती. मग एक बुरखेवाली उठली, मग कडेवर मूल घेतलेली एक लेकुरवाळी. बघता बघता माझ्याभोवती गुलाबच गुलाब झाले. भाऊ, गाव कोणतं? घरी लेकीबाळी असतील ना? "भाईसाब, मफलर निकालो जरा," बुरखेवाली शांतपणे म्हणाली. मी मफलरातूनच म्हणालो, की अहो, मी तिचा बाप आहे.

"सगळे असंच म्हणतात," लेकुरवाळी म्हणाली.

कंडक्टरने गाडी बाजूला घ्यायला लावली. लेक मागे आली. मी मफलर सोडला, गॉगल काढला. तिने माझ्याकडे बघितलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता बायकांना सांगितलं, "ओळखते मी यांना. वडील आहेत माझे." मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण तुम्ही विचारलंय त्याची उत्तरं देऊ देत."

मी दिली. गाव सांगितलं, आई कुणाची ते सांगितलं, बहिणी सांगितल्या. अख्खी गाडी हसत होती. म्हातारीने तर माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचं सासर शोधून काढलं. चांदवडला मला सन्मानाने उतरवण्यात आलं. परतीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभा असताना मला जाणवलं, की छातीवरचा दगड उतरलाय. त्या आठवड्यात आमच्या लेकीच्या बाबतीत भलतंसलतं असं एकच घडलं आणि ते मीच होतो. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी मावशींपुढे मान खाली घालून उभा राहिलो. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसता पुसता सहज बोलून गेल्या. नांदगावच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एकाने गाडीत हात लावला, तेव्हा त्या ओरडल्या होत्या. गाडी खच्चून भरलेली. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं, बायकांनीसुद्धा. "त्यांचा राग नाय आला मला," मावशी म्हणाल्या. "मी कोण, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मग म्हटलं, पुढच्या खेपेला ठाऊक करून देऊ."

लेक मालेगावला बरीच वर्षं गेली, मग बदलून पुण्याला गेली. तिथल्या गाडीतही ती फुलं वाटते म्हणे. मावशींचं फिरणं पुढे पुढे गुडघ्यांनी थांबवलं. त्यांच्या भाच्याने मळ्याच्या बाजूची खोली त्यांना दिली होती. खिडकीतून वाफे दिसायचे. शेवटच्या आजारात मी एकटाच भेटायला गेलो. बायको लेकीकडे होती. मावशींनी कोणत्या गाडीने आलो, गाडीत कोण कोण होतं, एवढंच विचारलं. मला एकाचंही नाव सांगता आलं नाही. निघताना मी पायांना हात लावला, तर त्यांनी उशाजवळच्या तांब्यातला गुलाब काढून माझ्या हातावर ठेवला.

"मावशी, पुरुषाला फूल नाही ना?"

"एकटे निघालात ना?" त्या म्हणाल्या. "असू द्या."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. शेजारी कुणी तरुण गृहस्थ होते. बराच वेळ फूल हातात धरून बसलो. मग घसा खाकरला आणि त्यांना विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"