कुंदाअक्काचा फोन

आमच्या गावात मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. निरोप आणणारा आधी ओट्यावर टेकतो, पाणी मागतो, कपाशीचं विचारतो. चूल पेटलेली असेल तर घरच्यांना दोन घास खाऊ देतो, कारण बातमी फुटली की माती होईपर्यंत त्या घरात कुणी अन्नाला शिवत नाही. मग म्हणतो, "तब्येत जरा जास्त शे. निंघा." ज्याला समजायचं त्याला समजतं. पारोळ्यापासून पाच कोसांवरचं आमचं गाव. स्वतःच्या बापाला 'मेला' म्हणणारा इथं अजून जन्मायचा आहे.

एकोणनव्वद सालापासून हे निरोपाचं काम कुंदाबाईकडे आलं. तिचा नवरा बन्सीलाल खताचं दुकान चालवायचा, त्यासाठी त्यानं फोन घेतला. गावात तो एकच. वर्षभरात बन्सीलाल छातीच्या कळेनं गेला, दुकान बंद पडलं, फोन राहिला. देव्हाऱ्याशेजारी काळा डबा आणि त्याच्यावर विणलेलं फडकं. ज्यांच्या लेकीबाळी बाहेरगावी होत्या त्यांनी सोयऱ्यांना तोच नंबर देऊन ठेवला. फोन आला की कुंदाअक्का वहाणा चढवून निघायची. बाळंतपण, साखरपुडा, मयत, काहीही असो. चहाही घ्यायची नाही कुणाचा. मूलबाळ नव्हतं, शेत भाच्यांनी खाल्लं होतं. गावात मान होता तो या पायपिटीचा, आणि तिला तो पुरत होता.

मयताच्या निरोपात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दारात येऊन "जेवनात का?" म्हणाली की माणूस हातातलं काम टाकायचा. झुलाल चक्कीवाला तिला लांबूनच ओरडायचा, "अक्का, आठे नको येऊ! मी जेवेल शे!"

"मंग तुना निरोप मी तुनी बायकोले सांगसू," अक्का म्हणायची. चक्कीवरच्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर तो फोन सुरू झाला. दुपारची वेळ, गाव शेतात. आधी नुसता श्वास. मग घाण बोलणं. अक्का घाबरली नाही.

"तुनी माय घरमा शे का रे? दे तिले फोन. तिले इचारस, कोनता मुहूर्तवर तुले जनम दिधा."

तिकडून फोन ठेवला जायचा. अक्का विहिरीवर जाऊन सगळं साभिनय सांगायची. पण एक गोष्ट तिनं सांगितली नाही. तो माणूस आपल्याच बोलीत बोलत होता. 'शे' म्हणत होता. म्हणजे परका नव्हता. तेव्हापासून ती चक्कीवर, बसथांब्यावर माणसांच्या तोंडाकडे बघत राहायची. पारोळ्याला टेलिफोनवाल्यांना विचारून आली. पण आलेला फोन कुठून आला ते कळायची सोय तेव्हा नव्हती.

शिव्या खाऊन तो कंटाळला असेल. पौषात त्यानं सूर बदलला.

"अक्का, मी पंडित बोली ऱ्हायनू. लतानं माहेर. आबानी तब्येत जास्त शे. तिले धाडी द्या."

लता म्हणजे जीवरामची बायको. पाचोऱ्याजवळच्या खेड्यातली. बाप वना आबा आणि पंडित हा एकुलता भाऊ, एवढंच माहेर. अक्का उठली ती थेट जीवरामच्या शेतात. लता कापूस वेचत होती. अक्का बांधावर बसली.

"लता, भाकर खाई ले व."

"खासू मंग. हाई ओळ व्हई जाऊ दे."

"आते खाय."

लतानं तिच्याकडे पाहिलं. फडक्यातली भाकर सोडली आणि औषध गिळावं तशी अर्धी गिळली. "कोन, अक्का?"

"आबानी तब्येत जास्त शे."

कापसाची झोळी तिथंच टाकून लता निघाली. संग जीवराम. लेक बापाच्या मयताला जाते तेव्हा गावच्या शिवेपासून हेल काढून रडत जाते, गल्लीतल्या बाया तिला धरायला पुढं येतात. लतानं माहेरच्या शिवेवरच्या मारुतीपासून हेल काढला. बाया आल्या, पण त्यांना काही उमगेना. तशीच रडत ती घरापुढं पोचली, तर वना आबा ओट्यावर शेंगा फोडत बसलेला.

"काय व्हयनं व? कोन गया?"

लता बघतच राहिली. आबाला उलगडलं तसा तो हसला. "मी जित्ता शे ना व, बाई!" मग त्याचं हसू आटलं. जिवंत बापाच्या दारात लेकीनं रडणं आणलं, हे कुणाला पचणार? उंबऱ्यावर पाणी ओतलं, नारळ फोडला. पंडित जीवरामला म्हणाला, "तुमना गावनी ती फोनवाली येडी शे का?"

जीवरामनं ते परत येऊन अक्काच्या दारात चार माणसांत ऐकवलं. "मन्ही बाईले जित्ता बापवर रडाले लावं तुम्ही."

त्या दिवसापासून अक्कानं एक सवाल बांधला. कुणीही तब्येतीचा फोन केला की ती सरळ विचारायची, "मरना का जित्ता शे? नीट सांग." माघात त्या नाठाळाचा दोनदा फोन आला, वेगवेगळ्या घरांची नावं घेऊन. दोन्ही वेळा सवाल ऐकताच त्यानं फोन ठेवला. अक्काला वाटलं, औषध सापडलं.

फाल्गुनात, होळीच्या आधी चार दिवस, फोन वाजला.

"अक्का, मी पंडित. लतानं माहेर. आबाले पाचोऱ्याना दवाखानामा आणेल शे. तब्येत जास्त शे. लताले धाडी द्या."

"मांगे बी पंडितच बोलना व्हता."

"अक्का, घाई शे. तो लता लता करी ऱ्हायना."

"मंग नीट सांग. मरना का जित्ता शे?"

पलीकडे बूथवर माणसं उभी असतील. पंडितच्या तोंडून शब्द निघेना. मग एकदम, "कशी बाई शे तू!" आणि फोन आपटला.

अक्का चक्कीवर गेली. झुलालला म्हणाली, "उना व्हता परत, पंडित बनीसन. सवाल ऐकताच पयी गया." झुलाल हसला. बायाही हसल्या. लता त्या दिवशी घरामागं गोवऱ्या थापत होती, चक्कीपासून शंभर पावलांवर.

चौथ्या दिवशी जीवराम पारोळ्याच्या बाजारात होता. पाचोऱ्याकडचा एक गाडीवाला भेटला. "पाव्हना, सासराना मातीले दिखनात नही?"

जीवराम घरी गेला नाही. अक्काच्या दारात आला. रागावलाही नाही. म्हणाला, "मन्हाकडथून सांगता येवाव नही. तुम्हीच सांगा."

अक्का उठली. लतानं तिला दारात पाहिलं आणि हातातलं पीठ परातीत झटकलं.

"जेवू का, अक्का?"

"नको जेवू. तुना बाप मरी गया. काल माती व्हयनी. फोन उना व्हता, मी तुले सांगं नही."

असं तोडून सांगितलेलं आमच्या गावानं पहिल्यांदा ऐकलं. लता रडली नाही. गाठोडं बांधून निघून गेली. तिकडे तिला धरायला बाया आल्या नाहीत, त्यांचं रडणं कालच आटोपलं होतं. पंडित उंबऱ्यात उभा राहून एवढंच म्हणाला, "आबानी दीड दिन तुनी वाट दखी." तिसऱ्या दिवशी लता सासरी परतली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते. भाऊ घ्यायला येतो, झोके बांधलेले असतात. पंडित येतो की नाही, यावर आता लताचं माहेर राहायचं होतं. आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा अक्का एकटीच पाचोऱ्याच्या गाडीत बसली. पंडितच्या ओट्यावर टेकली. त्यानं पाणी दिलं.

"लतानी चूक नही, भाऊ. मन्ही शे. तिले घेवाले ये."

पंडितनं रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. "अक्का, तुम्ही इचारं तव्हय आबा जित्ता व्हता. 'जित्ता शे' इतलंच सांगानं व्हतं. मन्हा तोंडमाथून ते बी निंघनं नही." मग म्हणाला, "लताले दखं का माले तेच याद येस. मी येवाव नही."

चहा आला, तो अक्का प्यायली, आणि गाडीला आली.

फोन तिनं काढला नाही. नाठाळही कधी सापडला नाही. त्याचे फोन येतच राहिले, आणि तिनं सवाल टाकायचं सोडलं. येईल तो निरोप पोचवायची. लोक विचारायचे, "खरा शे का खोटा?" ती म्हणायची, "माले माहीत नही. जाईसन दखा." माणसं शिव्या देत जायची, कधी हसत परतायची, कधी तेरावं उरकूनच.

आखाजीच्या दिवशी पंडितनं पितरांत आबाच्या नावाची पहिली घागर भरली, असं कळलं. आमच्या गावात माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. सणाला कुणी शेतात पाय ठेवत नाही. लता सकाळीच कोयता घेऊन गेली आणि दिवस बुडेपर्यंत कपाशीची धसकटं वेचत राहिली.