मुक्या माणसाचा भूमध्य समुद्र

नागपूरच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि मग हात धुताधुता सांगितलं, "पावसाळा संपेपर्यंत तोंड बंद. कुजबुजसुद्धा नको. एकदा जरी ओरडलात तरी घशातल्या गाठी कापाव्या लागतील, आणि कापल्यावर हाच आवाज राहील असं मी सांगत नाही."

त्या वर्षी माझा आवाज माझ्या एकट्याचा नव्हता. बाभुळगावच्या शेतकऱ्यांची स्वतःची सहकारी जिनिंग व्हावी म्हणून मी गावोगाव ओरडत फिरलो होतो. कापूस आपण पेरायचा, वेचायचा, आणि सरकी काढून गाठी बांधण्याचा नफा मात्र दुसऱ्याने न्यायचा, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही. लोकांनी शेअर घेतले ते माझं ऐकून. दिवाळीनंतर शेवटची सभा होती आणि व्यापाऱ्यांची माणसं आत्तापासूनच 'पैसे मागून घ्या' म्हणून घरोघर जात होती. त्या सभेत मी उभा राहिलो नाही तर माणसं गळणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

डॉक्टरांनी समुद्राची हवा सुचवली. मी पाटीवर 'रत्नागिरी' लिहिलं. ही लहान मुलाची पाटी तेव्हापासून माझ्या गळ्यात होती. बायकोने ती पदराने पुसली.

"रत्नागिरीले कोणी ना कोणी हार घेऊन येईनच, अन् तुम्ही उभे राहान. जिथं तुमचं बोलणं कोणाले समजतच नाई, अशा गावी चला."

तिचा भाऊ शंकर मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. त्याचं जहाज इटलीत जिनोआच्या गोदीत दुरुस्तीला जायचं होतं, नातेवाइकांना नाममात्र भाड्यात नेता येत होतं, आणि तिथला खर्च तो पगारातून करणार होता. पासपोर्टसाठी मात्र चपला झिजवाव्या लागतात, ती तयारी जाणाऱ्याने ठेवावी. यवतमाळहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, आणि उन्हाळा तापायच्या आत आम्ही पाण्यावर होतो. सोबत चिवडा, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. लोणचं डब्यात नेऊ नका, बरणीत न्या. आमचं एडनच्या अलीकडेच शंकरच्या गणवेशावर सांडलं.

सुएझच्या कालव्यातून जहाज जातं तेव्हा दोन्ही बाजूंना वाळू असते आणि आपण जमिनीवरूनच चाललो आहोत असं वाटतं. पोर्ट सैद मागे पडलं आणि पाण्याचा रंग बदलला. मी आयुष्यात निळा शब्द शेकडो वेळा वापरला असेल. कठड्याला टेकून बघताना वाटलं, उगाच वापरला.

जिनोआपासून पाऊण तासावर कामोली नावाचं कोळ्यांचं गाव आहे. गाड्या वारंवार असतात, दुसऱ्या वर्गाचं तिकीट स्वस्त. घरं सहासहा मजली, गेरूच्या, पिवळ्या, गुलाबी रंगांची, थेट पाण्याला चिकटून उभी. निम्म्या खिडक्या खऱ्या आणि निम्म्या भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या. बायको बराच वेळ मान वर करून पाहत राहिली.

"खिडकी काढली, पडदा काढला, अन् उघडायची सोय नाई ठेवली."

आम्ही तेरेसाबाईंकडे खोली घेतली. साठीच्या विधवा, काळा झगा, हातांना सदा माशांचा वास. त्यांना इटालियनखेरीज काही येत नव्हतं आणि बायकोला वऱ्हाडीखेरीज. दोघी पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात बसून बोलायला लागल्या, आपापल्या भाषेत, न थांबता. मध्येच दोघी माझ्याकडे पाहून हसल्या.

मी पाटीवर लिहिलं: 'काय म्हणते?'

"म्हणते, मुका नवरा भेटाले नशीब लागते."

हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

खाण्याबद्दल सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाला पहिली धास्ती त्याचीच असते. तिथे हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात आणि कागदावर तुकडे करून देतात. मीठ, मिरपूड आणि जैतुनाचं तेल. कच्चा कांदा मागून घ्यावा, मग घरीच बसल्यासारखं वाटतं. मासोळ्या इवल्याशा, लिंबात भिजवलेल्या. एक हिरवी चटणी असते, पानं खलबत्त्यात कुटून केलेली. तेरेसाबाई पानं कुटायला बसल्या तेव्हा बायको दचकून उठली. तिला वाटलं तुळस कुटताहेत. तिने एक पान चुरगळून हुंगलं आणि परत बसली.

"नाई, हा तं सब्जा होय. कुटा, कुटा."

पुढचे दिवस कसे गेले ते तारखांनी सांगता येणार नाही. रोज पहाटे कोळी परतत, वाळूवर तपकिरी जाळी पसरत, आणि त्या जाळ्यांवरून ऊन हळूहळू वर चढे. मी बघत बसे. बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस काय काय बघतो. सभेत समोर माणसं असतात, पण बोलणाऱ्याला ती दिसत नाहीत, नुसती गर्दी दिसते. इथे मला एक म्हातारा दिसला, जो जाळं शिवताना सुतळी पायाच्या अंगठ्यात धरायचा. एक मांजर दिसलं, जे फक्त निळ्या होडीचीच वाट बघायचं.

चालायची हौस असणाऱ्यांनी डोंगरातून सान फ्रुत्तुओझोला जावं. दोनअडीच तासांची वाट, आधी जैतुनाच्या बागा, मग चेस्टनटच्या झाडांची सावली, आणि शेवटी एकदम खाली खाडीत दगडी मठ, ज्याच्या पायऱ्यांशी पाणी खेळतं. बूट हवेतच, बायको मात्र चपलांवरच गेली आणि माझ्या आधी पोचली. गाडीने पुढे गेलात तर वेर्नाझ्झाच्या आसपास डोंगरउतारांवर दगडी बांध दिसतील, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि प्रत्येक बांधावर हातभर जमिनीत द्राक्षं. कुणा एकट्याच्याने हे झालं नसतं. मी पाटी काढली, सहकारावर चार ओळी लिहिल्या आणि बायकोपुढे धरली. तिने वाचून मान डोलावली आणि द्राक्षांचे नवे कोंब मोजल्यासारखे बघत राहिली.

पोहायला मी विहिरीत शिकलेला. विहिरीत पाणी माणसाला खाली ओढतं, आणि हा समुद्र वर उचलून धरतो. उताणं पडायचं, कान पाण्यात बुडवायचे. आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो, बाकी काही नाही. एकदा मला वाटलं, मी असाच पडून राहिलो तर चालेल, सभा, शेअर, जिनिंग, सगळं कुणीतरी बघेल. ते मला भयंकर वाटलं आणि मी उलटा होऊन काठाकडे हातपाय मारले.

परतायला थोडे दिवस उरले होते. गावापुढे पुंता क्याप्पा म्हणून एक सपाट खडकांची जीभ समुद्रात गेली आहे. पाव, चीज घेऊन दिवसभर जायला चांगली जागा. मी वर सावलीत बसलो होतो. बायको खाली, अगदी टोकाला, खडकातल्या डबक्यात पाय सोडून, पाठ समुद्राकडे करून शिंपले निवडत होती. दूरवरून एक मोठं जहाज जिनोआकडे गेलं. ते दिसेनासं झालं आणि मी जेवणाचा कागद उघडला. जहाज गेलं म्हणजे संपलं, असंच आम्हा विहिरीत पोहणाऱ्यांना वाटतं.

मग पाण्यावर एक काळी रेघ दिसली. ती जवळ येताना जाड होत होती.

पाटी कसली आणि काय.

"कौसल्ये, ऊठ!"

आमच्याकडे नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. 'आयकलं का' म्हणतो, 'अवो' म्हणतो, फार तर पोराच्या नावाने बोलावतो. लग्नात घास भरवताना घेतलं, तेवढंच. ती ताडकन उठली, घाबरून नव्हे, चिडून. तरातरा वर चढत माझ्याकडे आली.

"चार लोकांत नाव घेता काय माह्यं?"

तिच्या मागे त्या जहाजाने उठवलेली लाट टोकावरून सरळ पलीकडे गेली. शिंपल्यांची टोपली गेली, चपला गेल्या. तिने वळून पाहिलं. खडकावरून पाणी ओघळत होतं. मग तिला दुसरी गोष्ट उमगली आणि तिने ओल्या तळहाताने माझं तोंड दाबून धरलं, जणू गेलेला आवाज परत आत ढकलता येईल.

मी 'लागलं का' असं विचारायला गेलो. नुसती हवा आली.

संध्याकाळी तेरेसाबाईंनी मध घातलेला काढा दिला. बायको शेजारी बसली होती. खिडकी खरी होती. खाली बंदरात दिवे पाण्यात लांब होत होते. ती म्हणाली, "काहून ओरडले? मले पोहता येत नाई, पण धरता तं येते ना. धरली असती म्या कपार."

नागपूरच्या डॉक्टरांनी परतल्यावर पाहिलं. कापावं लागलं. आवाज आला, पण फाटका, पातळ, तिसऱ्या रांगेपर्यंत जेमतेम पोचणारा.

दिवाळीनंतर सभा भरली. मंडपाबाहेर झाडांखालीसुद्धा माणसं होती. यवतमाळहून आणलेल्या भोंग्याची बॅटरी सुरुवातीलाच उतरली. व्यापाऱ्यांची चार माणसं मागे उभी राहून हसत होती. मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य बोललो.

"का म्हणते रे?" मागून कुणी विचारलं.

पुढच्या रांगेतला एक शेतकरी वळला. "म्हणते, सरकी आपली, गाठ आपली, मंग तराजू दुसऱ्याचा कायले?" हे मी म्हटलं नव्हतं, माझं वाक्य याहून लांब आणि कमी चांगलं होतं. त्याच्या मागच्याने ते आणखी मागे दिलं, त्यात उमरखेडच्या बाजारात त्याला स्वतःला आलेला अनुभव घातला. सर्वांत मागे बंजारा तांड्याचा नाईक तिथल्या बायकांना त्यांच्या गोर बोलीत समजावून सांगत होता आणि त्याचं काही केल्या संपत नव्हतं. मी थांबून राहिलो. तिथून हशा उठला, आणि तो रांगारांगांनी माझ्यापर्यंत आला.

शेअरचे पैसे कुणी परत मागितले नाहीत.

लोक विचारतात, एवढं लांब जाऊन उपयोग काय झाला. झाला, समुद्राने घसा बराच सुधारला होता आणि मी तो एका हाकेत खर्च केला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. जाणाऱ्यांनी जरूर जावं, वसंतात जावं, बूट घ्यावेत, आणि मोठं जहाज गेल्यावर काठावर थोडा वेळ पाण्याकडे तोंड करून बसावं.

सभेत त्या दिवशी नाईकाने शेवटी एक प्रश्न विचारला. तोही तसाच, माणसामाणसांतून पुढे येत होता. पहिल्या रांगेत कौसल्या बसली होती. तिने तो मागच्या बाईकडून ऐकला, क्षणभर विचार केला, आणि मला सांगण्याऐवजी वळून त्याचं उत्तर दिलं. ते मागे जाऊ लागलं. मी खाली बसलो आणि ऐकत राहिलो.