रोज पळणारी घोडी

"डॉक्टरीणबाई, रेशमा रविवारी जिंकंल का न्हाई, तेवढं सांगा. सारं गोरेगाव तिच्यावर पैज लावून बसलंय," दत्तराव म्हणाले.

मी तेव्हा वाकून घोडीचा पुढचा पाय तपासत होते. एका रेसकोर्सवर काही वर्षं नोकरी करून मी औंढ्याला जनावरांचा दवाखाना टाकला. एरवी गायी-म्हशीच बघते. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या दत्तरावांनी ही रेसची जुनी घोडी गावाकडच्या शर्यतींसाठी आणली होती. अंग नुसतं चमकत होतं. पण चमक खराऱ्यानं अंग घासूनही येते. फिटनेस कळायला मागचा महिनाभर तिच्याकडून काय करून घेतलं, ते विचारावं लागतं.

तिला सांभाळणाऱ्या युसूफभाईंना मी विचारलं, "गॅलप किती दिवसांआड देता?"

गॅलप म्हणजे पूर्ण वेगाची दौड. त्यानंतर काही दिवस घोड्याला हलकंच फिरवायचं असतं. ताकद त्या विश्रांतीत भरते.

युसूफभाईंनी मालकाकडं पाहिलं. "रोजच पळवून राहिलो. लोक बघायला येतात न."

"टायमिंग सुधारलं?"

"आधी सुधारलं. आता शेवटाला ढिली पडती. दाणाबी अर्धा ठेवून देती."

मी पायाच्या मागचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी जाड दोरी, चाचपली. दुसऱ्या पायापेक्षा गरम होती. जरा दाबल्यावर घोडीनं पाय ओढून घेतला.

"पैजेचं सोडा, हिला पळवूच नका," मी म्हणाले. "टेंडन तुटलं तर पुन्हा धड चालणार नाही."

दत्तरावांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "आता माघार घेतली तर लोक म्हणतील, भ्याला."

"म्हणतील."

"युसूफ, तुला काय वाटतं?"

"मालक, मला लय दिवसांपासून हेच वाटून राहिलं. बोलायची हिंमत न्हाई झाली."

दत्तरावांनी तिथूनच फोन लावून नाव मागं घेतलं. आवाज पडलेला होता.

सोनोग्राफीत टेंडनचे काही धागे तुटलेले निघाले. कित्येक महिने रेशमाला नुसतं चालवलं, मग हळूहळू दौड वाढवली. पुढच्या हंगामात ती पळाली आणि तिसरी आली. गाव नाराज झालं. दत्तराव आणि युसूफभाई मात्र तिला मधे घेऊन, गप्पा मारत मैदानाबाहेर गेले.

पैज लावणाऱ्यांच्या लक्षात घोड्याची सगळ्यात जोरदार दौड राहते. मी आधी त्याच्या आरामाच्या दिवसांचं विचारते.